घराची वाढ आणि पावसाच्या पाण्याची वाट

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विकासकामांशी संबंधित अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आढ्याचे पाणी वळचणीला येते, अशी मराठीत जुनी म्हण आहे. म्हणीतील पाण्याचा प्रवास वळचणीपाशी संपतो. घरमालकाची खरी जबाबदारी मात्र तेथूनच सुरू होते. वळचणीवरून गळणारे पाणी कोठे पडते, तेथून कोठे वाहते आणि शेवटी कोठे मुरते, या तीन प्रश्नांचा विचार ज्या घराच्या बांधणीत झालेला असतो ते घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ज्या घरात तो झालेला नसतो, त्याच्या भिंतीला दोन-चार पावसाळ्यांतच ओल धरते, गिलाव्याला पोपडे येतात आणि पाया हळूहळू आपली जागा सोडू लागतो.

आपल्या जुन्या घरांत हा विचार झालेला आढळतो. चौसोपी वाड्यात चारी सोप्यांचे पाणी मधल्या चौकात उतरे आणि चौकातील मोरीवाटे बाहेर जाई. देशावरील धाब्याच्या घरांत पांढऱ्या मातीच्या छपराला ढाळ देऊन पाणी परनाळीने भिंतीपासून दूर फेकले जाई. कोकणातील घराचे छप्पर चांगले उतरते असे, वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे येई आणि पागोळ्या जोत्याबाहेर पडत. या तिन्ही रचना वेगवेगळ्या. परंतु पाणी भिंतीला आणि पायाला लागू द्यावयाचे नाही, हा त्यांतील हेतू एकच होता.

ही घडी बहुधा विस्कटते ती घर वाढविताना. कुटुंब वाढते, मुलाचे लग्न होते, चुलीच्या जागी गॅस येतो, आणि मग मागील बाजूस एखादी खोली, स्वयंपाकघर किंवा पडवी काढण्यात येते. अशा कामाच्या अंदाजात विटा, वाळू, सिमेंट, पत्रे, दार, खिडकी यांचा हिशेब असतो. पावसाच्या पाण्याचा हिशेब क्वचितच असतो. पहिला मोठा पाऊस झाला की तो राहिलेला हिशेब भिंतीवर उमटतो.

एका छपरावर दोन छपरांचे पाणी

या हिशेबाचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. छपराचे क्षेत्र मोजताना उताराची लांबी धरावयाची नाही. छपराने जमिनीचा जेवढा भाग झाकला आहे, तेवढेच माप घ्यावयाचे.

समजा, एखादे दुपाखी कौलारू घर ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. त्याच्या मागच्या पाख्याखाली २४ चौरस मीटर क्षेत्र येते. मालकाने मागे ८ मीटर लांब व ३ मीटर रुंद अशी पत्र्याची पडवी काढली. पडवीचे क्षेत्रही २४ चौरस मीटर. मालक व गवंडी नळ आणावयास जातात तेव्हा पडवी नजरेसमोर ठेवून २४ चौरस मीटरचाच विचार करतात. वस्तुतः मागच्या पाख्याचे सर्व पाणी आता पडवीच्याच पत्र्यावर उतरणार असते. म्हणजे पडवीच्या पन्हळीला ४८ चौरस मीटरचे पाणी वाहून न्यावे लागते. तासाला १०० मिलिमीटर वेगाने सर कोसळली, तर हे पाणी तासाला ४,८०० लिटर, म्हणजे मिनिटाला ८० लिटर होते. पंधरा लिटरच्या पाच भरलेल्या घागरी दर मिनिटाला एकाच कोपऱ्यात रिकाम्या केल्या, तरी ते पाणी याहून थोडे कमीच भरेल.

येथे वर्षाच्या सरासरी पावसाचा उपयोग नाही. पर्जन्यछायेच्या प्रदेशातही अर्ध्या तासाची सर अतिशय जोराची असू शकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असा दिवस विरळा हे खरे. परंतु नळाची परीक्षा जोराच्या सरीतच होते, सरासरीत नव्हे.

राष्ट्रीय इमारत संहितेत नळाचा व्यास व छपराचे क्षेत्र यांचे कोष्टक दिलेले आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस गृहीत धरल्यास ७५ मिलिमीटर व्यासाचा उभा नळ सुमारे २० चौरस मीटर छपराला पुरतो आणि १०० मिलिमीटर व्यासाचा नळ सुमारे ४२ चौरस मीटरला. यावरून वरील पडवीला ७५ मिलिमीटरचा एक नळ तर नाहीच, पण १०० मिलिमीटरचा एक नळही पुरणार नाही, हे उघड होते. तेथे पन्हळीच्या दोन्ही टोकांना १०० मिलिमीटरचा एकेक नळ बसविणे योग्य. पन्हळीला मध्यापासून दोन्ही टोकांकडे दर मीटरला ५ ते १० मिलिमीटर ढाळ द्यावा. ढाळ नसलेल्या किंवा मध्ये झोळ पडलेल्या पन्हळीत पाणी साचून राहते आणि आठवडा-दहा दिवसांत त्यात डासांची पैदास होते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, ही गोष्ट आरोग्य कर्मचारी दरवर्षी सांगत असतात. पन्हळ मात्र उंचावर असल्याने कोणाच्या नजरेस पडत नाही.

जुन्या व नव्याचा सांधा

वाढीव बांधकामातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे जुन्या भिंतीला नवे छप्पर जेथे टेकते ती रेघ. पत्रा भिंतीला नुसता भिडवून फटीत सिमेंट भरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. पत्रा उन्हाने तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो, आणि एका उन्हाळ्यातच ते सिमेंट भेगाळते. जुना पाया कित्येक वर्षांत बसलेला असतो, नवा पाया पुढील काही पावसाळ्यांत बसावयाचा असतो. त्यामुळे जुन्या व नव्या भिंतीत बारीकशी फट पडणे स्वाभाविक आहे. ती पडणारच असे धरून योजना केली पाहिजे.

यासाठी जुन्या भिंतीत पत्र्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर एक आडवी खाच घ्यावी. साध्या पत्र्याची वाकविलेली पट्टी खाचेत खोचून तिची खालची बाजू छपराच्या पत्र्यावर सैल पसरू द्यावी आणि खाच वरून नीट बुजवावी. पट्टी भिंतीला पक्की पण छपराला मोकळी राहिली, की दोन्ही आपापल्या चालीने हलतात आणि पाणी मात्र आत येत नाही. जुन्या घराची वळचण पुढे आलेली असेल, तर नवा पत्रा तिच्या खाली पुरेसा आत सरकवून घेणे हा त्याहून सोपा उपाय होय.

उतार नेहमी जुन्या घरापासून बाहेरच्या बाजूस असावा. दोन छपरे एकमेकांकडे उतरती ठेवून मध्ये पन्हळ घालणे शक्य तो टाळावे. जागेच्या अडचणीमुळे ते टळत नसेल, तर मधली पन्हळ माणसाला पाय ठेवून साफ करता येईल एवढी रुंद असावी आणि ती तुंबल्यास पाणी घरात न शिरता बाहेर पडेल अशी वाट तिच्या टोकाला ठेवावी.

वाढीव खोलीवर सपाट स्लॅब असेल तर ही दुसरी वाट अधिकच आवश्यक ठरते. ३ मीटर बाय ४ मीटरच्या स्लॅबवर कठड्याच्या आत २० सेंटिमीटर पाणी तुंबले, तर त्याचे वजन २,४०० किलो होते. नळाच्या तोंडाशी अडकलेली मूठभर पाने एवढा भार उभा करू शकतात. म्हणून नळाच्या तोंडावर घुमटाकार जाळी बसवावी आणि कठड्यात थोड्या उंचीवर जादा पाण्यासाठी एक मोकळे भोक ठेवावे. त्या भोकातून पाणी पडताना दिसले, की नळ तुंबल्याची सूचना घरातील लहान मुलालाही मिळते.

जुना नळ नव्या खोलीच्या पोटात

घर स्लॅबचे असेल तर आणखी एक अडचण उभी राहते. जुन्या गच्चीचा नळ ज्या भिंतीवरून उतरतो, नेमकी तीच भिंत वाढीव खोलीच्या आत जाते. मग काही ठिकाणी नळ खोलीतच ठेवून भिंतीत लपविण्यात येतो आणि जमिनीखालून बाहेर काढण्यात येतो. वर्षे जातात, आत सांधा सुटतो, आणि ओल कोठून येते हे फरशी उखडल्यावाचून कळत नाही. काही ठिकाणी नळ वरच्या वर कापून त्याचे पाणी नव्या छपरावर सोडून देतात. तेथे पाण्याचा मारा एकाच जागी होऊन पत्रा गंजतो किंवा स्लॅबचा थर उखडतो.

यांतील उत्तम मार्ग म्हणजे बांधकामास हात लावण्यापूर्वीच जुना नळ बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलविणे. ते अशक्य असल्यास जुन्या नळाला खाली वळण देऊन त्याचे पाणी नव्या छपरावरून पन्हळीपर्यंत बंद नळानेच न्यावे आणि पन्हळ व पुढील नळ दोन्ही छपरांच्या हिशेबाने मोठे घ्यावेत. नव्या खोलीचा नळ जुन्या उभ्या नळास जोडावयाचा झाल्यास दोन नियम पाळावेत. जोड काटकोनात न करता प्रवाहाच्या दिशेने तिरपा करावा. आणि जोडाच्या पुढे नळाचा व्यास कोठेही कमी करू नये.

नळ जोडण्याची रीत

नळ जोडताना वरच्या नळाचे अरुंद टोक खालच्या नळाच्या रुंद तोंडात उतरले पाहिजे. हे उलट झाले तर प्रत्येक सांध्यातून पाणी भिंतीवर ओघळते. नियम इतका साधा असूनही उरलेले तुकडे वापरण्याच्या भरात तो मोडला जातो, आणि भिंतीवरील हिरव्या शेवाळाच्या रेघा पुढे त्याची साक्ष देतात.

पी.व्ही.सी.चा नळ उष्णतेने बराच लांबतो. चार मीटरचा नळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. म्हणून रबरी कड्याच्या सांध्यात वरचे टोक तळापर्यंत न ठोकता सुमारे १० मिलिमीटर जागा सोडावी. नळ भिंतीला चिकटवू नये. मागून हात फिरेल, निदान रंगाचा कुंचला फिरेल, एवढे अंतर असावे. प्रत्येक रुंद तोंडाखाली एक पकड आणि मध्ये दीड-दोन मीटरवर एकेक पकड पुरेशी होते. नळ जुन्या भिंतीवरून नव्या भिंतीवर जात असेल, तर त्या फटीपाशी ताठ जोड करू नये. दोन्ही बाजूंस स्वतंत्र पकडी देऊन मध्ये सरकता सांधा ठेवावा. भिंत केसभर बसली तरी नळ तुटत नाही.

पायथ्याशी होणारी चूक

वरचे सर्व काम निर्दोष झाले आणि नळाचे खालचे टोक जोत्यापाशी उघडे राहिले, तर भिंत वाचते पण पाया जातो. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीत हा धोका विशेष आहे. ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते. पायाचा एकच कोपरा भिजत राहिला, की तेवढाच भाग वर उचलला जातो व पुन्हा खाली बसतो. दाराच्या चौकटीपासून तिरपी भेग निघते ती यामुळे. कच्च्या विटांच्या किंवा मातीच्या भिंतीचे तर बूडच विरघळते. पावसाळ्याच्या रात्री भिंत कोसळून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यांतील प्रत्येक भिंत एका रात्रीत पडलेली नसते. कित्येकदा ती पायथ्याशी अनेक दिवस भिजत असते आणि कोणी तिकडे पाहिलेले नसते.

म्हणून नळाच्या टोकाला वळण देऊन खाली फरशीचा तुकडा किंवा सिमेंटचा कोबा करावा, आणि तेथून पाणी पक्क्या उघड्या नालीने किंवा जमिनीखालील नळाने दूर न्यावे. जमिनीखालील नळाला दर मीटरला किमान १० मिलिमीटर ढाळ असावा, आणि प्रत्येक वळणावर झाकण उघडून साफ करता येईल असा छोटा हौद असावा. घराभोवतीच्या जमिनीचा उतारही जोत्यापासून बाहेरच असावा.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. पावसाचा नळ शौचालयाच्या टाकीला किंवा शोषखड्ड्याला जोडू नये. जवळ आहे, तयार आहे, म्हणून हा मार्ग पुष्कळांना सोयीचा वाटतो. घरगुती शौचालयाची टाकी साधारणतः एक-दोन हजार लिटरची असते. वर सांगितलेल्या पडवीचे पाणी तिच्यात सोडल्यास जोराच्या सरीत ते मिनिटाला ८० लिटर येते. अर्ध्या तासाच्या आतच टाकीच्या मापाइतके पाणी तिच्यात शिरते आणि आतील मैला ढवळून बाहेर वाहू लागतो. हा मैला पुढे कोणाच्या विहिरीकडे जाईल हे सांगता येत नाही. एका घराची सोय साऱ्या वस्तीचे आजारपण होऊन बसते.

शेजाऱ्याची भिंत

गावठाणात घरे दाटीने असतात. वाढीव खोलीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडू लागले, की आधी बोलणे होते, मग अबोला होतो आणि शेवटी प्रकरण तंटामुक्त समितीपुढे किंवा न्यायालयात जाते. अशा वेळी ‘आमच्या आजोबांपासून पागोळी येथेच पडते’ हा युक्तिवाद हमखास करण्यात येतो. त्यात काही अंशी तथ्य असू शकते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, ज्याला व्यवहारात ईझमेंटचा कायदा म्हणतात, वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि अखंड चालत आलेल्या वहिवाटीला संरक्षण मिळू शकते. तथापि त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये असेही तत्त्व आहे, की आपल्या मिळकतीत बदल किंवा भर घालून असा हक्क भरीव प्रमाणात वाढविता येत नाही. जुन्या वळचणीची पागोळी पडण्याची वहिवाट होती, एवढ्यावरून नव्या पडवीचे सर्व पाणी नळातून शेजाऱ्याच्या अंगणात सोडण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाही. आपल्या छपराचे पाणी आपल्याच जागेत उतरवावे, हा कायद्याचा तसाच शेजारधर्माचाही मार्ग होय.

पंचायतीने व शाळेने काय करावे

ग्रामपंचायतीला या बाबतीत फार मोठा खर्च करावा लागत नाही. वाढीव बांधकामाचा नकाशा समोर येईल तेव्हा छपराचा उतार, नळांच्या जागा आणि पाणी शेवटी कोठे जाणार, या तीन गोष्टी त्यावर बाणांनी दाखविण्यास सांगावे. घरकुलाच्या लाभार्थ्यांना पुढेमागे खोली वाढवावयाची असतेच. ती कोणत्या बाजूला वाढवावी, हे पाण्याची वाट पाहून आरंभीच सुचविता येईल.

शाळेची वर्गखोली, अंगणवाडीचे स्वयंपाकघर, दवाखान्याची ओसरी अशी सार्वजनिक कामे करताना पन्हळ, नळ, नाली व भिंतीचा सांधा या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने दाखविण्यात याव्यात. त्या ‘किरकोळ’ या सदरात गेल्या, की बहुधा होतच नाहीत. अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी छपरावर पाणी ओतून ते नाकासमोर कोठे जाते हे अभियंता, सरपंच आणि मुख्याध्यापक यांनी प्रत्यक्ष पाहावे. मोजमाप पुस्तिकेतील नोंदीइतकीच ही पाहणी महत्त्वाची आहे.

शिक्षकांना तर हा विषय हाताशी आलेला पाठ आहे. मुलांनी शाळेच्या छपराचे क्षेत्र मोजावे, रोजचा पाऊस मोजावा आणि किती लिटर पाणी उतरले याचा गुणाकार करावा. वरील उदाहरणातील ४८ चौरस मीटर छपरावर वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर २८,८०० लिटर पाणी येते. गळती व पहिल्या सरींचे धूळमिश्रित पाणी वजा जाता त्यातील बराच भाग झाकलेल्या टाकीत साठविता येतो किंवा गाळून जमिनीत मुरविता येतो. ज्या गावाला मार्चमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावाने जुलैतील पाणी घराच्या पायात जिरवावे, यासारखा उफराटा व्यवहार दुसरा नाही.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याच्या आधी शेतकरी शेताचे बांध तपासतो, कौले शाकारतो. त्याच वेळी पन्हळीतील पाने काढावीत, जाळी धुवावी, पकडी घट्ट कराव्यात आणि छपराच्या वरच्या कडेला दहा घागरी पाणी ओतून एका माणसाने खाली उभे राहावे. पाणी पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून नळात, नळातून नालीत आणि नालीतून ठरलेल्या जागी गेले, भिंतीवर एक थेंबही ओघळला नाही, तर घराची वाढ पूर्ण झाली असे समजावे. तोवर ते काम, भिंती रंगल्या आणि दार बसले तरी, अपुरेच राहते.